खानावळीचे ताट

वऱ्हाडातील एखाद्या वृद्ध गृहस्थास विद्यार्थिदशेविषयी विचारावे, तर कॉलेजच्या इमारतीआधी त्याला खानावळ आठवते. खेड्यातून अमरावतीस किंवा अकोल्यास शिकावयास आलेल्या मुलाची सारी भिस्त तिच्यावर असे. पुस्तके उसनी मिळत, अभ्यासापुरता दिवा मित्राच्या खोलीत लाभे. भूक मात्र उसनवारीने भागत नसे.

या खानावळी दिसावयास काही देखण्या नव्हत्या. जुन्या वाड्याची ओसरी, भिंतीशी मांडलेले पाट, पितळी ताटे आणि आतून येणारा फोडणीचा वास, एवढाच त्यांचा थाट. ताटात तुरीचे वरण, ज्वारीची भाकर, वांग्याची किंवा अंबाडीची भाजी आणि कडेला ठेचा. महिन्याचे पैसे आगाऊ भरावयाचे. गावी गेल्यास खाडे धरावयाचे. रविवारी दुपारी गोडाचे जेवण असे आणि सायंकाळी चूल बंद. म्हणून त्या दुपारी मुले अशी जेवत, की वाढणारीचा हात थकावा. तरी ती मावशी म्हणेच, “घे ना बापू, अर्धी भाकर अजून. पोट भरलं नाई तं अभ्यास कसा होईन?”

अकोल्याच्या बाजारातील देखावा थोडा निराळा. कापसाच्या हंगामात गाड्यांच्या रांगा लागत. शेतकरी घरची शिदोरी सोडी, हॉटेलातून केवळ रस्सा मागवी आणि वर कपभर चहा घेई. कॉफीच्या वाटेस तो जात नसे. नवल असे, की अमरावती जिल्ह्यातच, चिखलदऱ्याच्या डोंगरावर, इंग्रजी अमदानीपासून कॉफी पिकत आली. पण वऱ्हाडी घरात ती निघे आजाऱ्यासाठी, नाही तर बड्या पाहुण्यासाठी!

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. हिशेबाने एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे. व्यवहारात सहाच धरले जात. तो वरचा पाव पैसा कोणी सोसावयाचा, यावर गल्ल्यापाशी वाद रंगावयास मोठे कारण लागत नसे. चवली मागे पडली. पावली मात्र पंचवीस पैशांच्या रूपाने पुष्कळ टिकली. ३० जून २०११ नंतर तीही चलनातून गेली.

“काय ती स्वस्ताई!” असा सुस्कारा जुनी माणसे आजही टाकतात. तो पुरता खरा नव्हे. जेवण चार आण्यांना मिळत असेल. पण ते चार आणे मिळवावयास मजुराचे किती तास जात, हे सुस्कारा टाकणारा सांगत नाही. शिवाय त्या पाटावर बसावयाचे कोणी, हाही प्रश्न होताच. कित्येक खानावळींच्या पाटीवरच जात लिहिलेली असे. वार लावून जेवण्याची सोयही जात पाहूनच होई. म्हणूनच पंजाबराव देशमुखांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढून सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवले, त्याचे मोल मोठे आहे. पुढे १९५० च्या संविधानाने उपाहारगृहांची दारे सर्वांना मोकळी केली आणि १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यता पाळणे दंडनीय ठरविले. कायदा झाला त्याच दिवशी पंगत एक झाली, असे मात्र नाही. ती हळूहळू झाली.

स्वस्त ताटाची गरज काही सरली नाही. १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर देण्याची सरकारी योजना निघाली, ती पुढे बंद पडली. २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांच्या शिवभोजन थाळीस आरंभ झाला: दोन पोळ्या, भाजी, वरण आणि भात. उरलेला खर्च शासनाने सोसावयाचा होता.

अकोल्यास १९६९ साली कृषी विद्यापीठ झाले, अमरावतीस १९८३ साली विद्यापीठ झाले. मुलांची दाटी वाढली. खानावळीस आता मेस म्हणतात, पितळी ताटाच्या जागी स्टीलचा डबा आला. शेजारीच काचेच्या दारांची कॉफीची दुकाने उभी आहेत. दर्यापूरकडचा एखादा मुलगा अशा दारापाशी थबकतो, भिंतीवरील दर वाचतो, मनाशी डब्याचे दिवस मोजतो आणि पिशवी सावरीत मेसच्या जिन्याकडे वळतो. वरून भाकरी थापल्याचा आवाज येत असतो.