चौकटीबाहेरची फत्तेमारी

दांडिया बाजारातील आमच्या जुन्या घराच्या दिवाणखान्यात एक छायाचित्र साठ-सत्तर वर्षे टांगलेले होते. काळ्या लाकडी चौकटीत पिवळट पुठ्ठा आणि त्याच्या खिडकीत पाच पुरुष उभे. मधोमध आजोबा, डोक्यावर बडोदेशाही पगडी, अंगात बंद गळ्याचा कोट. मागे एका मोठ्या गलबताचे पोट आणि डोलकाठी. खाली थोरल्या काकांच्या वळणदार अक्षरांत ओळ होती: ‘ओखा बंदर, १९२६. ती. दादा, श्रीमंत महाराजांच्या स्वारीसमवेत.’ महाराज मात्र चित्रात कोठेच नव्हते. लहानपणी आम्ही याबद्दल विचारले की काका म्हणत, ‘ते पलीकडच्या बाजूस होते.’ एवढ्यावर आमचे समाधान होई.

मध्यंतरी आपल्या संस्थेने बडोद्यातील जुन्या मराठी घराण्यांच्या छायाचित्रांचे एक छोटे प्रदर्शन योजले, तेव्हा हे चित्र द्यावे असे सर्वांनुमते ठरले. चित्राखालची माहिती लिहून देण्याचे काम माझ्याकडे आले. सेवानिवृत्त माणसाकडे अशी कामे आपोआप येतात. माझी सारी नोकरी महसूल खात्यात गेली. त्या खात्यात एक शिस्त अंगवळणी पडते: सांगणाऱ्याने कितीही खात्रीने सांगितले, तरी जागेवर जाऊन चतुःसीमा पाहिल्याशिवाय कागदावर सही करायची नाही. त्या सवयीने मी चित्र खाली उतरवले, पुसले आणि भिंग घेऊन बसलो.

पहिली शंका आली ती उजव्या कोपऱ्यातील छपरामुळे. ते कौलारू होते आणि चांगलेच उतरते. नोकरीच्या आरंभीच्या काळात मी द्वारकेस होतो. तो तालुका तेव्हा जामनगर जिल्ह्यात मोडत असे. २०१३ साली देवभूमी द्वारका हा वेगळा जिल्हा झाला. कामानिमित्त ओखा आणि समोरचे बेट मी कितीदा तरी पाहिले होते. तो मुलूख कमी पावसाचा. तेथे एवढ्या उताराचे छप्पर कोण कशाला बांधील?

ओखामंडळाशी आपल्या बडोदे राज्याचा संबंध जुना. राजधानीपासून शेकडो मैल दूर असलेला तो समुद्रकाठचा तुकडा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून गायकवाडांच्या ताब्यात होता. तिसऱ्या सयाजीराव महाराजांनी तेथे आधुनिक बंदर उभारले आणि १९२६ साली ते सुरू झाले. आजोबा राज्याच्या बांधकाम खात्यात हिशेबनीस होते आणि ओख्यास जाऊन आले होते, हेही खरे. त्यांच्या सामानात तेथून लिहिलेली दोन पत्रे आहेत. तेव्हा काकांची ओळ अगदीच हवेतून आलेली नव्हती. प्रश्न एवढाच होता, की हे चित्र त्या ओख्याचे होते काय?

जुन्या छायाचित्रातील बोट ओळखणे हे एक स्वतंत्र शास्त्रच आहे, हे मला या निमित्ताने कळले. इंग्लंडमध्ये कालव्यांतून माल वाहणाऱ्या अरुंद बोटींवर जीव टाकणारी मंडळी आहेत. तेथे १८७७ सालच्या कायद्याने, माणसे राहत असलेल्या कालव्यातील बोटींची नोंदणी सक्तीची झाली. नोंदणीचा क्रमांक आणि गावाचे नाव बोटीवर रंगवावे लागे. म्हणून फिकट चित्रातही चार आकडे वाचता आले, तर जुन्या नोंदवहीतून त्या बोटीचे कुळ-मूळ सापडते. बोटी ओढणाऱ्या वाफेच्या टग असतील, तर धुराड्यावरील पट्ट्यांवरून मालक कंपनी ओळखतात. आमच्या चित्रातील गलबतावर आकडा नव्हता, अक्षर नव्हते आणि धुराडे असण्याचा प्रश्नच नव्हता. अशा वेळी गलबताचा बांधा हीच त्याची सही.

ही सही वाचायला शिकवणारा मनुष्य सापडला तोही बडोदे राज्याच्याच दप्तरात. जेम्स हॉर्नेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०५-०६ च्या सुमारास आपल्या दरबारासाठी ओखामंडळाच्या किनाऱ्यावरील सागरी जीवांची पाहणी केली. तिचा अहवाल १९०९ आणि १९१६ अशा दोन भागांत निघाला. पुढे याच हॉर्नेलने हिंदुस्थानातील नौकांच्या घडणीवर १९२० साली एक मोठा निबंध लिहिला. तो बंगालच्या एशियाटिक सोसायटीने छापला. शिंपले आणि कालवे मोजायला आलेल्या माणसाचे लक्ष होड्यांकडे गेले, हे आमच्यासारख्यांचे भाग्यच म्हणायचे.

त्याच्या वर्णनांवरून आणि मी स्वतः सलाया-ओख्याकडे पाहिलेल्या जहाजांवरून फरक असा लक्षात आला. कच्छ-काठेवाडचे मोठे गलबत म्हणजे कोटिया. त्याची पिछाडी चपटी, फळीसारखी आणि बहुधा नक्षीदार. पुढच्या टोकावर मागे मान वळवून पाहणाऱ्या पोपटाच्या डोक्यासारखा आकार. आपल्या कोकण-कानड्याची फत्तेमारी निराळी. तिची नाळ, म्हणजे पुढचे टोक, पाण्यावर लांबच लांब तिरकी गेलेली असते; आणि तळाचे मुख्य लाकूड, गलबताचा कणाच म्हणा ना, मधोमध किंचित वर उचललेला असतो. शीड आणि पुढे झुकलेली डोलकाठी दोघींचीही सारखीच, म्हणून तेवढ्यावरून निवाडा होत नाही. आमच्या चित्रात पिछाडी माणसांच्या आड गेली होती आणि नाळ पुठ्ठ्याच्या कडेखाली. जे पाहायला हवे नेमके तेच झाकलेले!

तेव्हा चौकट उघडायचे ठरवले. मागचे गंजलेले खिळे काढताना हात थरथरत होते, हे कबूल करतो. पुठ्ठा बाजूला झाला आणि डाव्या हाताला दोन-अडीच बोटे रुंदीचा भाग प्रथमच उजेडात आला. ओहोटीची वेळ. गलबत चिखलात एका कुशीवर कललेले. लांब, तिरकी नाळ, पोपट नाही. तळाची रेघ मध्यावर उचललेली. आणि नाळेच्या सावलीत, पाय चिखलात, हातात बोचके घेऊन एक बाई उभी. डोक्यावरून पदर पुढे ओढलेला, लुगडे काळेभोर.

कितीतरी वेळ मी गलबत विसरून तिच्याकडेच पाहत राहिलो. मग पुन्हा पंचनाम्याला बसलो. काचेवरून चित्र छापताना उलटे तर पडले नाही ना, हे आधी पाहिले. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर होती, म्हणजे चित्र सुलटे होते. धक्क्याचे दगड मोठाल्या चिऱ्यांचे, पृष्ठभागी भोके-भोके असलेले आणि गडद होते. सौराष्ट्राकडचा चुनखडीचा दगड फिकट. तो असा दिसला नसता. त्या काळच्या साध्या काचेवर तांबडा रंग उमटतच नसे, तो जवळजवळ काळा येई. म्हणजे धक्का जांभ्याचा होता. आणि धक्क्याला जो न्याय, तोच त्या लुगड्याला लावला तर? ते काळे नव्हते. ते आलवण होते.

जांभा, कौले, फत्तेमारी: स्थळ कोकणातील खाडीचे, यात मला शंका उरली नाही. बाई कोण, हे मात्र भिंगाने सांगण्यासारखे नव्हते. चित्र घेऊन मी आत्याकडे गेलो. तिने नव्वदी ओलांडली आहे. नजर मंदावली असली तरी स्मरण लख्ख आहे. तिने चित्र डोळ्यांजवळ नेले, बोटाने कड चाचपली आणि म्हणाली, ‘अरे, ही तर माई!’

माई म्हणजे आजोबांची धाकटी बहीण. आम्हां मुलांना ती फक्त ऐकून माहीत. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत तिचा नवरा आठ दिवसांत गेला. तेव्हा ती विशीचीही नव्हती. दुसऱ्या वर्षी, पावसाळ्यापूर्वी, आजोबा रजा काढून कोकणात गेले आणि तिला बडोद्याला घेऊन आले. मुंबईपर्यंत समुद्रमार्गाने, पुढे बी. बी. सी. आय. रेल्वेने. तांब्या-पितळेची भांडी आणि तांदळाची पोती बरोबर असल्याने आगबोटीऐवजी ओळखीच्या तांडेलाची फत्तेमारी धरली होती. आत्याला माईने सांगितलेले पाठ होते: गलबत चिखलात रुतून बसले होते, भरतीची वाट पाहत दोन प्रहर उन्हात काढले आणि तेवढ्यात कोणाच्या तरी मुंबईकर भाच्याने कॅमेरा काढला. ‘तिला बाजूला हो म्हणाले असतील,’ आत्या म्हणाली, ‘ती पुरती बाजूला झाली नाही, एवढेच.’

पुढची पस्तीस वर्षे माई आमच्या स्वयंपाकघरात राहिली. आजोबांच्या साऱ्या मुलांना तिनेच न्हाऊ-माखू घातले. ज्या राज्याने १९०६ साली प्राथमिक शिक्षण सर्वत्र सक्तीचे केले, त्याचा आम्हांस केवढा अभिमान! परंतु त्याच राज्यातील एका हिशेबनिसाच्या घरात ही बाई आपले नाव लिहायला शिकली ती चुलीच्या राखेत, सात वर्षांच्या भाचीकडून. ती भाची म्हणजे आत्या. माईचे एकही छायाचित्र नाही, असे आत्या आजवर समजत होती. ते दिवाणखान्यात, तिच्या डोळ्यांसमोर टांगलेले होते.

काकांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. ती ओळ त्यांनी १९४९ साली राज्य मुंबई प्रांतात विलीन झाल्यानंतर केव्हातरी लिहिली. ज्या दरबारावर घराणी उभी होती तो एका दिवसात संपला आणि आपण येथे का व कसे आलो, याचे काहीतरी दाखवण्याजोगे प्रमाण प्रत्येकाला हवेसे झाले. ओख्याची पत्रे होती, गलबताचे चित्र होते. काकांनी दोन्ही जोडून टाकले. आमच्यापैकी कितीजणांच्या भिंतींवर अशी जोडलेली चित्रे असतील!

घरात मात्र थोडी कुरबुर झाली. थोरल्या चुलतभावाचे म्हणणे पडले, की इतक्या वर्षांची ओळ बदलून काय साधणार, आणि लोकांना महाराजांची स्वारी पाहायला आवडेल की चिखलातील विधवा? त्याच्या दुसऱ्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. पहिल्याला होते, पण ते मी न देता आत्याने दिले. ती म्हणाली, ‘माझी आई मला सांगत असे, या घरात ताटावर बसताना माईला विचारून बसायचे. आता तिला विचारता येत नाही, तर निदान झाकू तरी नका.’ भाऊ गप्प राहिला. त्याला ते पटले असे मी म्हणणार नाही.

प्रदर्शनात चित्र संपूर्ण लागले. खाली मी लिहिले: ‘कोकणातील खाडी, ओहोटीची वेळ, १९१९ च्या सुमारास. फत्तेमारी जातीचे गलबत. डावीकडे उभ्या: माई.’ आजोबांचे नाव दुसऱ्या ओळीत गेले. ते रागावले नसते, असे मला वाटते. ओख्याची पत्रे शेजारी काचेखाली ठेवली, कारण तीही खरीच होती.

वाचकांना एकच विनंती. भिंतीवरची जुनी चित्रे एकदा खाली उतरवून चौकटीबाहेर काढून पाहावीत. कडेला काय आहे ते पाहावे: गलबताचे टोक, धक्क्याचा दगड, कोणाचा तरी पदर. आणि घरात नव्वदीचे कोणी असेल, तर ते चित्र घेऊन आजच त्यांच्याकडे जावे. चित्राच्या पाठीवर नावे शिसपेन्सिलीने लिहावीत, शाई पुढे उमटते. आत्याने माईचे नाव तसेच लिहून दिले आहे, थरथरत्या अक्षरांत, माईने राखेत गिरवले होते तसे, पूर्ण नाव.