फरा

वर्गात वाक्प्रचार शिकवताना ‘खांदा देणे’ आला, की मला आमचे सास्तूरचे मामा आठवतात. आणि क्षणभर खडू हातातच राहतो.

३० सप्टेंबर १९९३. आदल्याच दिवशी गणपती बोळवलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा तो भूकंप झाला. आमच्याकडची घरे म्हणजे दगडमातीच्या हातहात रुंद भिंती आणि वर मातीचे जाड माळवद. उन्हाळ्यात काय गार वाटायची! तीच त्या पहाटे माणसांच्या अंगावर आली. आजी त्यातच गेली. मामांना उकरून काढले आणि सोलापूरला नेले.

उजवा हात हलेना. आम्हांला वाटले, खांदा निखळला असेल. पण डॉक्टर खांद्याकडे पाहीनातच. छातीच तपासत बसले. आई चिडली. तेव्हा ते म्हणाले, “बाई, यांचा फरा मोडलाय. स्नायूंच्या गाद्यांत बसलेले हे हाड शंभरांत एखाद्याचे मोडते. ते मोडले, म्हणजे घाव केवढा असेल! आधी बरगड्या आणि फुप्फुस पाहू द्या.”

खरेच तीन बरगड्या मोडल्या होत्या. छातीत हवा साठून एक फुप्फुस मिटले होते. बरगड्यांमधून नळी घातली. तिचे दुसरे टोक बाटलीतल्या पाण्यात. मी तेव्हा बारा वर्षांचा. पाण्यातले बुडबुडे मोजणे हे माझे काम, म्हणजे मीच घेतलेले! ते थांबले, तेव्हा मी घाबरून ओरडलो, नर्सबाई हसल्या.

फऱ्याला मात्र ना प्लास्टर, ना सुरी. खांद्याची खोबण शाबूत होती, म्हणून नुसती झोळी. “आईला खांदासुद्धा देता आला नाही,” एवढेच मामा त्या झोळीकडे पाहून म्हणत.

पुढे व्यायाम सांगितला: भिंतीवर बोटे चालवीत हात रोज थोडा वर न्यायचा. मामा भिंतीजवळ जाईनात. कितीही समजावा, “भिंत नको” म्हणत. शेवटी मामींनी त्यांना पत्र्याच्या शेडसमोरच्या लिंबाशी उभे केले. बोटे पोचतील तिथे त्या कोळशाची रेघ ओढीत. कधी रेघ चढे, कधी आठ-आठ दिवस तिथेच.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळण होती. मामांनी हळद-लोणी घेऊन दोन्ही हातांनी बैलांचे खांदे मळले. मळून झाले, तरी उजवा हात तसाच बैलाच्या मानेवर ठेवून ते बराच वेळ उभे होते.