आधी ‘बचेंगे’

दत्ताजी शिंद्यांचे ते वाक्य ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा. १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर ते जखमी होऊन पडले असता कुतुबशहाने विचारले, आणखी लढाल काय? ‘बचेंगे तो और भी लड़ेंगे’ हे त्यांचे उत्तर परंपरेने आपल्या हाती दिले. शाळेत हे वाक्य म्हणताना आपण सारा जोर ‘लड़ेंगे’ या शब्दावर देतो. आम्हांस मात्र दिल्लीत काही वर्षे काढल्यावर, विशेषतः येथील रस्ते पाहिल्यावर, त्यातला पहिला शब्द अधिक मोलाचा वाटू लागला आहे.

ते बुराडी आज दिल्लीचे उपनगर आहे. त्याच्या जवळूनच राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ उत्तरेस जातो. कुंडली, मुरथल, समालखा करीत सुमारे ९० किलोमीटरवर पानिपत येते आणि शहराबाहेर काला अंब लागते. ज्याच्यावरून हे नाव पडले तो आंबा केव्हाच वठून गेला; त्या जागी आता विटांचा स्तंभ उभा आहे. दरवर्षी १४ जानेवारीस तेथे मराठी माणसे जमतात, आणि अलीकडे त्यांत मोटारसायकलवरून येणारे तरुण पुष्कळ असतात.

यंदा आमच्या भाच्यानेही तसाच बेत केला. गाडी नवी होती आणि परवाना मिळून तीन आठवडे झाले होते. ‘‘मामा, पहाटे पाचला निघतो. घोड्यावरून गेलेल्यांच्या स्मरणाला मोटारीत बसून काय जायचे!’’ हे वाक्य ऐकायला मोठे शूर होते. पण बहिणीने ज्याला आमच्या भरवशावर दिल्लीस धाडले, त्याच्या तोंडून ते ऐकताना आमच्या पोटात गोळा आला.

कारण आकडे भयंकर आहेत. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील ४४.५ टक्के दुचाकीवरची होती, आणि शिरस्त्राण न घालता मेलेल्यांची संख्या ५०,०२९ भरली. यातले १४,३३७ जण तर मागे बसलेले होते. पानिपतच्या त्या एका दिवसाची आठवण आपण अडीचशेहून अधिक वर्षे काढीत आलो. हा संहार दरवर्षी घडतो आणि आपण वर्तमानपत्राचे पान उलटतो.

भाच्याला आम्ही म्हटले, ‘‘काला अंबला जायचे तर तेथे काय झाले ते आधी नीट वाच. शौर्य त्या दिवशी कमी पडले नाही. कमी पडल्या त्या दुसऱ्याच गोष्टी.’’

पहिली गोष्ट अन्नाची. सुमारे अडीच महिने कोंडलेले ते सैन्य उपाशीपोटी रणात उतरले. पहाटेच्या थंडीत रिकाम्या पोटी, अर्धवट झोपेत गाडी हाकणाऱ्याची बोटे बधिर होतात आणि मन उशिरा जागे होते. तासाभराने थांबणे, गरम काही पोटात घालणे, वारा अडवणारे जाकीट व हातमोजे वापरणे हे चोचले नव्हेत. ती रसद आहे.

दुसरी गोष्ट दिसण्याची. विश्वासराव पडल्यावर भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले. रिकामी अंबारी पाहिली आणि फौजेचा धीर सुटला. माणूस होता, पण दिसत नव्हता. रस्त्यावरही हाच अनर्थ होतो. हॅरी हर्ट या अभ्यासकाने अमेरिकेत लॉस एंजेलिस भागातील सुमारे ९०० मोटारसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले. त्याचा अहवाल १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वाहनांच्या टकरीत मोठे कारण असे आढळले, की समोरच्या चालकाला मोटारसायकल दिसलीच नव्हती. अपघातात सापडलेल्या निम्म्याहून अधिक चालकांना ती विशिष्ट गाडी चालवून पाच महिनेही झाले नव्हते. १ एप्रिल २०१७ पासून आपल्याकडे नव्या दुचाकींचा पुढचा दिवा सतत जळत ठेवतात, तो दिसण्यासाठीच. तेव्हा भडक रंगाचा अंगरखा घालावा, ट्रकच्या बाजूला रेंगाळू नये, आणि आरशात ज्याचा चेहरा आपणांस दिसत नाही त्याला आपणही दिसत नाही असे धरून चालावे.

तिसरी गोष्ट गोलाची. इब्राहिमखान गारद्याच्या सल्ल्याने गोल बांधून लढायचे ठरले होते. काही पथके आवेशात गोल सोडून पुढे धावली आणि तो फुटला. चार मित्र एकत्र निघाले, की नवखा मागे पडण्याच्या लाजेने वेग वाढवतो. खरे म्हणजे चालीचा वेग त्याच्यावरूनच ठरावा. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. म्हणून पुढच्या वाहनापासून निदान दोन सेकंदांचे अंतर हवे. जानेवारीच्या धुक्यात वीस मीटरच दिसत असेल, तर उसाने लादलेली, मागे दिवा नसलेली ट्रॉली दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच ते अंतर संपते. जेवढे दिसते तेवढ्यात थांबता आले पाहिजे. न आले तर तो वेग आपला नव्हे.

हातांनाही शिकवावे लागते. ब्रेक लावताना भार पुढे झुकतो, म्हणून थांबवण्याचे बहुतेक काम पुढचे चाक करते. नवखा त्या ब्रेकला भितो आणि मागचाच दाबून घसरतो. दोन्ही ब्रेक एकदम, पण पुढचा हलकेच आवळत न्यावा. हे मोकळ्या मैदानात शंभरदा करावे. आणि खड्डा दिसला की खड्ड्याकडे पाहू नये, मोकळ्या वाटेकडे पाहावे. नजर जाते तिकडेच गाडी जाते.

एवढे ऐकून भाचा म्हणाला, ‘‘म्हणजे मी जाऊच नको का?’’ आम्ही म्हटले, ‘‘जा की! पण यंदा आगगाडीने. मार्चमध्ये धुके सरेल, तोवर तुझे हातही बसतील. मग दहाला निघ आणि उजेडी परत ये.’’ तो रुसला, पण आगगाडीनेच गेला.

पानिपताहून परत आलेल्यांत महादजी शिंदे होते. पायावर घाव लागून ते पडले, तेव्हा राणेखान नावाच्या एका भिस्त्याने त्यांना बैलावर घालून सुखरूप नेले. आज रस्त्यात पडलेल्याला उचलणाऱ्याला चौकशीचे भय बाळगण्याचे कारण नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १३४ अ त्याला संरक्षण देते, आणि ११२ हा क्रमांक फिरवणे तर कोणालाही जमेल. महादजी जन्मभर लंगडत चालले. पण १७७१ मध्ये मराठी फौजांनी दिल्ली पुन्हा घेतली तेव्हा ते त्यांच्यात होते. दत्ताजी त्यांचेच थोरले बंधू. भावाच्या वाक्याचा उत्तरार्ध महादजींना खरा करता आला, कारण पूर्वार्ध त्यांच्या वाट्याला आला होता.