दाखला म्हणजे विमा नव्हे



आपल्या बायकांच्या गप्पांत गुडघेदुखी आणि डॉक्टरची फी हे विषय ठरलेलेच. त्यात एक वाक्य हमखास येतं, "सरकारी योजना आपल्यासारख्यांसाठी नसतात गं." आपण दुकानदार, व्यापारी माणसं. आपल्याला देण्याची सवय, घेताना जीव संकोचतो. पण आमचं घर गेली आठ वर्षं अशाच योजनांच्या आधाराने तग धरून आहे, म्हणून आज लिहिते.

आमचे हे शेंद्रा एमआयडीसीत एका लहान कारखान्यात स्टोअरकीपर होते. 2017 मध्ये, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला आणि बोलणं अडखळू लागलं. पगार दरमहा 21,000 रुपयांच्या आत होता, म्हणून कर्मचारी राज्य विमा योजनेचं, म्हणजे ईएसआयसीचं कार्ड होतं. तेव्हा पगारातून पावणेदोन टक्के कापले जात आणि मालक पावणेपाच टक्के भरत असे. (2019 पासून हे दर अनुक्रमे 0.75 आणि 3.25 टक्के झाले.) मी बी.कॉम. आहे, जमाखर्च मला कळतो. महिन्याला हप्ता भरून जे मिळतं त्याला मदत म्हणत नाहीत, विमा म्हणतात. त्यात संकोच कसला?

त्या कार्डाने आम्हांला तारलं. उपचाराला पैसे लागले नाहीत. पहिले 91 दिवस पगाराच्या 70 टक्के आजारपणाचा भत्ता मिळाला. पुढे, पक्षाघात हा त्यांच्या दीर्घ आजारांच्या यादीत असल्याने, 80 टक्के. मात्र ही सवलत जास्तीत जास्त दोन वर्षं. 2019 मध्ये ती संपली, नोकरी सुटली आणि नोकरीबरोबर कार्डही बंद झालं. ज्या माणसाला आता दवाखान्याची सगळ्यांत जास्त गरज, त्याचाच विमा गेला. खासगी विम्याच्या एजंटला विचारलं, तर झटक्याचं नाव ऐकल्यावर त्याने पुन्हा फोन उचलला नाही.

पुष्कळजणींना वाटतं की दिव्यांगत्वाचा दाखला मिळाला की उपचारांची सोय आपोआप होते. तसं नाही. दाखला हा दाखला आहे, विमा नव्हे. प्रत्येक कागद वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो, हे मला या काळात उमगलं. यूडीआयडी कार्ड सांगतं की शरीराला किती टक्के अपंगत्व आहे. आधार सांगतं की माणूस हाच. शिधापत्रिका सांगते की हा कोणत्या घरातला आणि त्या घराची मिळकत किती. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचं दार आमच्यासाठी या तिसऱ्या कागदाने उघडलं.

अडचण अशी की आमची शिधापत्रिका नोकरीच्या दिवसांतली पांढरी होती. त्या वेळी योजना पिवळ्या आणि केशरी पत्रिकेला होती. पांढऱ्या पत्रिकेला फक्त राज्यातल्या 14 जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांसाठी. आपला जिल्हा त्या चौदांत आहे, पण आमच्याकडे सातबारा कुठला? मग तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढला. मिळकत म्हणजे दोन खोल्यांचं भाडं आणि यांचं ईपीएफचं अपंगत्व निवृत्तिवेतन. एक लाखाच्या आत असल्याने पत्रिका केशरी झाली.

या निवृत्तिवेतनाबद्दलही सांगते, कारण फार थोड्यांना ते ठाऊक असतं. 1995 च्या योजनेत माणूस नोकरीत असताना कायमचा अपंग झाला तर दहा वर्षांच्या सेवेची अट लागत नाही. जे काम तो करत होता ते करणं आता कायमचं अशक्य आहे, हे वैद्यकीय तपासणीत सिद्ध व्हावं लागतं. अर्ज 10-डी. रक्कम थोडीच असते, किमान 1,000 रुपये. पण ते त्यांच्या नावाने, त्यांच्या खात्यात येतात.

सगळ्यांत जास्त दमवलं ते ओळख पटवण्याने. आयुष्मान कार्डासाठी आधारची पडताळणी लागते. आधारला जोडलेला मोबाइल नंबर कारखान्याच्या सिमचा, तो केव्हाच बंद झालेला. ओटीपी येणार कुठे? उजव्या हाताची बोटं मिटलेली, ती यंत्रावर टेकत नव्हती. उघडावी तर वेदना. एका केंद्रावर सांगितलं, "पेशंटचा अंगठा लागत नाही, नंतर या." आम्ही तीन वेळा "नंतर" गेलो, प्रत्येक वेळी रिक्षा करून. मग मी नीट माहिती काढली. पडताळणीला उजवाच अंगठा लागतो असं नाही, डाव्या हाताचं बोटही चालतं. बोटं उमटलीच नाहीत तर बुबुळ किंवा चेहऱ्यानेही ओळख पटवता येते. दुसऱ्या केंद्रावर डाव्या तर्जनीने दोन मिनिटांत काम झालं. आधीच्या माणसाला मी वाईट म्हणणार नाही, पण आपल्याला नियम माहीत असला की आपण विनवणी करत नाही, सरळ मागतो.

त्या दुसऱ्या केंद्रातली मुलगी मला आठवते. सगळीकडे लोक मलाच विचारत, "यांचं नाव काय?" हे समोर बसलेले असत. तिने मात्र यांच्याकडे पाहून विचारलं आणि गप्प राहिली. नाव पूर्ण उच्चारायला यांना बराच वेळ लागला. मागे रांग होती. मी तोंड उघडणार होते, तर यांनी डाव्या हाताने मला थांबवलं. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं स्वतः सांगितलं. त्या दिवशी घरी येताना ते सबंध वाट बोलत होते. अर्धं मला कळलं नाही, तरी मी ऐकत होते.

आता नियम बदलले आहेत, ते लक्षात ठेवा. 1 जुलै 2024 पासून ही योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू झाली, पांढऱ्या पत्रिकेलाही. आधी वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं, ते कुटुंबामागे पाच लाख झालं. सत्तरी पार केलेल्यांना तर ऑक्टोबर 2024 पासून केंद्राची आयुष्मान वय वंदना योजना आहे, उत्पन्न कितीही असो. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा कक्ष असतो, चौकशी तिथे करायची. किंवा 155388 वर फोन करायचा.

पण भाबडेपणाही नको. ठरलेल्या यादीतले उपचार, तेही योजनेतल्या रुग्णालयातच, एवढंच यात बसतं. रोजच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि घरी येणारा व्यायामवाला यांचा खर्च आमच्याच खिशातून जातो. त्यासाठी खोल्यांच्या भाड्यातून मी दरमहा वेगळा डबा भरते.

आपल्याकडे वैयावृत्त्य हे सहा अंतरंग तपांपैकी एक मानलं आहे. आजारी साधू-साध्वींची सेवा करताना आपण त्याचं नाव घेतो. घरातल्या आजारी माणसाची पथ्याची भाकरी, अंग पुसणं, औषधाची वेळ हेही आपण सेवा म्हणून मनापासून करतो. मला वाटतं, त्याचे कागद वेळेवर नीट करणं हीसुद्धा सेवाच आहे. झटका मध्यरात्री आला तर त्या वेळी तहसील उघडं नसतं.

म्हणून या आठवड्यात एवढं करा. आधार, शिधापत्रिका आणि बँकेचं पासबुक शेजारी शेजारी ठेवून नाव एकसारखं आहे का ते पाहा. एकीकडे "शांतीलाल" आणि दुसरीकडे "शांतिलाल" असलं तरी अडकतं. आधारचा मोबाइल नंबर चालू आहे ना, तेही बघा. आणि घरात कुणी दिव्यांग असेल तर कागदांची पिशवी त्यांच्या हाताशी ठेवा, त्यात काय काय आहे ते त्यांना माहीत असू द्या. आमच्याकडे ती यांच्या पलंगाच्या डाव्या बाजूला टांगलेली असते.