फरशीचा सांधा

घर बांधताना फरशी निवडण्यासाठी सारे कुटुंब दुकानात जाते. रंग, नक्षी, आकार यांवर तासन्‌तास चर्चा होते. दोन फरश्यांमधील दोन-तीन मिलिमीटरच्या रेषेविषयी मात्र कोणी विचारीत नाही. ती गवंड्याच्या मर्जीवर सोडली जाते; आणि पुढे दहा-पंधरा वर्षांनी घराला पीडा होते ती बहुधा त्या रेषेतूनच.

बार्शीतील एका भुसार व्यापारी कुटुंबाची ही हकीकत आहे. वडिलांनी बांधलेल्या दुमजली घरात वर थोरले बंधू आणि खाली धाकटे बंधू राहत. पेढीची वाटणी झाली तेव्हा कागदावर व्यवहार चोख झाला. मनात मात्र थोडी बाकी राहिली. ती बाकी कोणी बोलून दाखवली नाही. ती दिसू लागली खालच्या छतावर. वरच्या न्हाणीघराखाली धाकट्यांच्या घरातील सामायिकाची खोली होती. तेथे प्रथम एक पिवळसर डाग उमटला, मग चुन्याचे पोपडे सुटले, आणि एके सकाळी धाकट्या काकू सामायिकास बसल्या असता पाण्याचा थेंब थेट त्यांच्या कटासनावर पडला.

वरच्या मजल्यावर दोनदा गवंडी बोलावण्यात आला. दोन्ही वेळा त्याने जुन्या सांध्यांवरून पांढऱ्या सिमेंटचा हात फिरवला आणि दोन तासांत मजुरी घेऊन तो गेला. चार महिन्यांत तो थर कपच्यांच्या रूपाने निघून आला. त्यात नवल नव्हते. मळक्या, तेलकट, भुसभुशीत सांध्यावर दिलेला पातळ लेप पकड घेणार कशावर? दिवाळीला नवी वही पूजावी आणि जुन्या वहीतील येणे-देणे तपासूच नये, तशातला हा प्रकार झाला. थोरल्यांनी ‘आम्ही काम करून घेतले’ म्हणावे, धाकट्यांनी ‘पाणी थांबले नाही’ म्हणावे. संवत्सरीला मात्र दोन्ही मजल्यांवरून ‘मिच्छामि दुक्कडम्’चे निरोप मोबाइलवर न चुकता जात. मध्ये अठराच पायऱ्या होत्या. त्या कोणी उतरले नाही.

उलगडा झाला तो अनपेक्षितपणे. वैशाखात वरची मंडळी आठ दिवस पालिताण्याच्या यात्रेस गेली, आणि तेवढ्या दिवसांत खालचा थेंब थांबला. परतल्यावर जिन्यात भेट झाली तेव्हा धाकट्या काकूंनी थोरल्यांच्या सुनेला ही गोष्ट सहज सांगितली. सून विचारात पडली. टाकीचा मुख्य कॉक त्या आठवड्यात उघडाच होता. भिंतीतला नळ फुटला असता, तर घरात माणूस असो वा नसो, पाणी झिरपतच राहिले असते. म्हणजे दोष नळाचा नव्हता. वापरलेल्या पाण्याच्या वाटेत कोठे तरी होता.

“काकू, दोन दिवस छताकडे लक्ष ठेवाल का?” तिने विचारले.

“दोन वर्षे तेच तर करते आहे, बेटा,” काकू म्हणाल्या. पण हसून म्हणाल्या.

पहिल्या दिवशी कोणी तेथे स्नान केले नाही. कपडे धुऊन उरलेले पाणी फरशीला न लावता बादलीने थेट जाळीच्या तोंडात सोडले. छत कोरडे राहिले. सांडपाण्याचा पाइप निर्दोष ठरला. दुसऱ्या दिवशी तेवढेच पाणी फरशीवर पसरू दिले. सायंकाळी थेंब आला. दोष फरशीच्या सांध्यांत होता, आणि तो खालच्या मजल्याच्या मदतीवाचून कधी सापडला नसता.

सांधे झिजले कशाने, याचे उत्तर न्हाणीघराच्या कोपऱ्यातच उभे होते. ती अॅसिडची बाटली होती. सांध्यातील भरण म्हणजे मुख्यतः सिमेंट, बारीक वाळू आणि रंग. अॅसिड डागाबरोबर सिमेंटलाही खाते. ज्या घरात नळाला गाळण्याचे कापड बांधले जाते, त्याच घरात दर आठवड्याला अॅसिड ओतले जात होते; त्यात किती सूक्ष्म जीव होरपळत असतील, हे कोणाच्या ध्यानी आले नव्हते. पोखरलेल्या सांध्यांत ओल साचली, ओलीत शेवाळ धरले, आणि शेवाळ घासण्यासाठी पुन्हा अॅसिड आले. शेवाळाला आपल्या शास्त्रात अनंतकाय मानले आहे. ते काढण्यापेक्षा उत्पन्नच होऊ न देणे हीच खरी जयणा, आणि कोरडा, भरीव सांधा हे तिचे साधन.

चातुर्मास लागण्यापूर्वी काम उरकायचे ठरले. दोन दिवस न्हाणीघर कोरडे ठेवले, म्हणजे फटींतील मुंग्या आपल्या वाटेने निघून जाव्यात. मग पुंजणीने कोपरे हलकेच पुंजून घेतले. प्रत्येक फरशीवर नाणे वाजवून पाहिले. एकही पोकळ वाजली नाही. वाजली असती तर ती उचलून पुन्हा बसवावी लागली असती. तोंडाला फडके बांधून, हॅक्सॉच्या पात्याच्या तुकड्याने नव्या गवंड्याने जुने भरण खोलवर खरवडले. फरशीच्या कडांना टवका जाऊ नये म्हणून हे काम संथपणे करावे लागते. त्यातच पूर्ण दिवस गेला.

भरण्यासाठी इपॉक्सी घेतले. ते सिमेंटपेक्षा महाग आणि हाताळायला अवघड असते. पण पाणी शोषत नाही. त्यासाठी सांधा पूर्ण कोरडा लागतो. दोन घटक एकत्र केले की थोड्याच वेळात ते घट्ट होऊ लागते. म्हणून हातमोजे घालून थोडे थोडेच कालवले. रबरी पट्टीने तिरपे दाबून भरले आणि सुकण्याआधी ओल्या स्पंजने फरशी पुसली. राहिलेला डाग नंतर निघत नाही. भिंत आणि जमीन जेथे मिळतात त्या कोपऱ्यात मात्र इपॉक्सी न भरता लवचिक सिलिकॉन भरले. भिंत आणि जमीन उष्णतेने वेगवेगळी हलतात. तेथे ताठ भरण तडकते, थोडे वाकणारे टिकते.

एवढे करूनही पाणी झिरपले असते, तर फरशीखालचा जलरोधक थर गेला असे समजून सारी फरशी उखडावी लागली असती. ती वेळ आली नाही.

या साऱ्यात एका गोष्टीचा हिशेब कोणी केला नव्हता. खरवडण्यापूर्वी दोन दिवस, कामाचे दोन दिवस, आणि भरण पक्के होईपर्यंतचे चार दिवस, असे आठ दिवस वर पाणी सांडायचे नव्हते. वर न्हाणीघर एकच. पहिल्या सकाळी थोरले बंधू खांद्यावर पंचा टाकून जिन्याच्या वळणावर घुटमळत उभे राहिले. खालचे दार उघडले.

“दादा, पाणी तापले आहे. या ना,” धाकटे म्हणाले.

थोरले आत गेले. स्नान आटोपून ते सामायिकाच्या खोलीत आले आणि मान वर करून बराच वेळ छताकडे पाहत राहिले. तो डाग त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. “एवढे झाले होते?” इतकेच ते म्हणाले. काकूंनी दुधाचा पेला पुढे केला. पुढचे सात दिवस हाच क्रम चालला.

प्रतिक्रमणात आधी आलोचना असते, क्षमायाचना नंतर. दोष कोठे आहे हे पाहिल्याशिवाय मागितलेली क्षमा जुन्या सांध्यावरच्या पांढऱ्या सिमेंटसारखी ठरते. दिसते स्वच्छ, पण धरून काहीच ठेवीत नाही.

आठ दिवसांनी वरच्या फरशीवर पुन्हा पाणी सोडले. खाली दोन दिवस सारे छताकडे पाहत होते. थेंब आला नाही. थोरल्यांनी लगेच रंगारी बोलावण्याची तयारी दाखवली. धाकटे म्हणाले, “घाई नको, दादा. आत ओल आहे. आधी सुकू द्या, रंग दिवाळीला काढू.”

त्या भाद्रपदात डाग तसाच होता, फक्त कडेने फिका पडत चालला होता. संवत्सरीच्या प्रतिक्रमणानंतर थोरल्यांनी मोबाइल हातात घेतला, क्षणभर थांबून तो खाली ठेवला, आणि ते जिना उतरले.