मनी प्लांटची पानं

आयटीवाल्यांच्या घरात तीन गोष्टी हमखास सापडतात: जुन्या कंपनीचे टी-शर्ट, कधीच न उलगडलेली योगा मॅट आणि ओल्ड मंकच्या रिकाम्या बाटलीत लावलेला मनी प्लांट. पहिल्या दोघांवर नंतर कधीतरी. आज तिसरा.

मनी प्लांटचं खरं पान केवढं असतं, सांगा बघू? तळहाताएवढं म्हणाल. तुमची चूक नाही, बिचाऱ्याला आपण मोठं होऊच देत नाही. ही वेल मूळची पॅसिफिकमधल्या मोरेआ बेटावरची. तिथे ती झाडाच्या बुंध्याला धरून वीसेक मीटर चढते आणि वर गेल्यावर पान जवळजवळ मीटरभर लांब होतं, त्याला चिराही पडतात. बाटलीत किंवा टांगत्या कुंडीत खाली लोंबत ठेवली, की ती आयुष्यभर बालवर्गातच राहते. धरायला काही मिळालं की मोठी होते. बस, एवढंच लॉजिक आहे.

मला हे पुस्तकातून कळलं नाही. डोंबिवलीला आमच्या बिल्डिंगमागे आंब्याचं झाड होतं. १९९१ साली बाबांनी बाटलीतली वेल त्याच्या बुंध्याशी नेऊन लावली. मी कॉलेजात जाईपर्यंत सुपाएवढी पानं आली होती. गणपतीत शेजारच्या काकू ती मखरासाठी मागून न्यायच्या. आता बाबा नाहीत. गेल्या वर्षी बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली आणि आई पुण्याला माझ्याकडे आली. नव्या नकाशात आंब्याच्या जागी पार्किंग आहे. निघताना आईने भांडीकुंडी फारशी घेतली नाहीत, पण म्हणाली, "त्या वेलीचा एक तुकडा घे रे."

तुकडा घ्यायचा तर पेर बघून घ्यायचा. पानाच्या देठाशी खोडावर तपकिरी टोक असतं, ते मूळ. त्याच्या खाली कापायचं. नुसतं पान पाण्यात ठेवलंत तर महिनोन्‌महिने हिरवं राहील, त्याला मुळंही फुटतील, पण वेल कधीच होणार नाही. आम्ही चार तुकडे आणले. दोन पाण्यात, दोन लाल माती, कोकोपीट आणि थोडं शेणखत मिसळून कुंडीत. पाणी आठवड्याला बदलायचं. कुंडीत मात्र बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसून बघायचं, कोरडं लागलं तरच घालायचं. ही झाडं तहानेने कमी आणि प्रेमाने जास्त मरतात. सतत ओल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही आणि ती सडतात.

उजेड हवा, पण दुपारचं ऊन नको, पानं करपतात. अंधाऱ्या कोपऱ्यातही जगते म्हणतात, जगतेच, पण नव्या पानांवरचे पिवळे पट्टे कमी होत जातात. पिवळ्या भागात हरितद्रव्य नसतं, त्यामुळे कमी उजेडात वेलीला ती चैन परवडत नाही. आणि घरात मांजर किंवा रांगतं मूल असेल तर वेल उंचावर ठेवा. पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, चावलं की तोंडाची आग होते.

हवा शुद्ध होते का? नासाने १९८९ मध्ये बंद पेट्यांमध्ये चाचण्या केल्या, त्यावर नर्सरीवाल्यांचा धंदा अजून चालतोय. २०१९ मध्ये अशा सगळ्या प्रयोगांचे आकडे पुन्हा तपासले गेले. निष्कर्ष असा की खऱ्या घरात फरक पडायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग खिडकी उघड."

मला सगळ्यात भारी वाटलं ते वेगळंच. ही वेल जवळजवळ कधीच फुलत नाही. २०१६ सालच्या एका संशोधनात कारण सापडलं: जिबरेलिन नावाचं संप्रेरक तयार करणारं तिचं एक जनुक नीट चालत नाही. फवारून दिलं तर फुलते. फूल नाही म्हणून बी नाही, म्हणजे तुमच्या-आमच्या घरातली वेल ही कुणाच्यातरी वेलीचा तुकडा, त्या तुकड्याचा तुकडा. आमच्या कुंडीतली वेल 'तिच्यासारखी' नाही, तीच आहे. हे मी आईला सांगितलं तर ती माझ्याकडे बघत राहिली. तिला हे आधीच माहीत होतं!

पण पानं लहान झाली. लोंबत ठेवल्यावर प्रत्येक नवं पान आधीच्यापेक्षा छोटं. आई काही बोलायची नाही. मग मी काथ्या गुंडाळलेली चार फुटी काठी आणली, वेल सुतळीने सैल बांधली. काथ्या रोज ओला करायचा, तरच मुळं धरतात. हे काम आईने घेतलं. पुण्यात आल्यापासून तिने स्वतःहून घेतलेलं हे पहिलंच काम. आता नवं पान उलगडलं की ती शिवणाच्या टेपने मोजते आणि कालनिर्णयवर त्या तारखेला लिहून ठेवते. जूनमध्ये ११ सेंटीमीटर होतं, परवाचं १९.

काठी संपायला आता फूटभर उरलंय. पुढे भिंतीला आधार द्यायचा तर खिळे ठोकावे लागतील आणि घरमालकाला खिळे चालत नाहीत. आई म्हणते, त्यांच्याशी ती बोलेल.