अडीच वॅटची गोष्ट

परळीच्या औष्णिक वीजकेंद्राचा आमचा बीड जिल्हा. त्यात आम्ही अडीच वॅटसाठी अडून बसावे, ही गंमतच. पण बाप्तिस्मे, लग्ने, अंत्यविधी अशी घराण्याची सारी छायाचित्रे एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कमध्ये साठविलेली, आणि जुन्या संगणकाला जोडताच ती टकटक करून थांबे. डिस्क निर्दोष होती. यूएसबी २.० च्या पोर्टने ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅट द्यावेत असा नियम. तबकडी फिरू लागताना याहून अधिक मागते. २००८ च्या यूएसबी ३.० ने ही मर्यादा ९०० वर नेली. टाइप-सी पोर्ट १५ वॅटपर्यंत देऊ शकतो, पण मदरबोर्ड बनविणाऱ्याने तशी सोय केली असेल तरच. पॉवर डिलिव्हरीच्या २०२१ च्या नियमावलीतील २४० वॅटचा आकडा ऐकून हुरळून जाऊ नये. मदरबोर्डच्या साध्या पोर्टला तो लागू नाही.

दुकानदाराने रंगीत दिव्यांचा मदरबोर्ड पुढे केला. आम्ही माहितीपत्रक मागितले. पेटीच्या दर्शनी पोर्टकडे जाणाऱ्या बारीक तारेत व्होल्टेज घटते, म्हणून मदरबोर्डवरच बसविलेले मागील पोर्ट मोजले. सहा ३.० चे पोर्ट असलेला, दिवे नसलेला मदरबोर्ड आम्ही बांधून घेतला.